हार्ट ब्लॉक, पेट स्कॅन आणि सासूबाईंची साबुदाणा खिचडी

या वेळचं पत्र वाईहून आलंय, नाव छापू नका म्हणालेत. पत्र मोठं आहे, मी थोडक्यात देते.

"ताई, माझे मिस्टर ४४ वर्षांचे. व्यसन नाही, शुगर नाही, माळकरी आहेत त्यामुळे अंडंसुद्धा नाही. ८ महिन्यांपूर्वी दोनदा चक्कर येऊन पडले, ईसीजीत हार्ट ब्लॉक निघाला. अँजिओग्राफी केली ती एकदम क्लीन. मग पेसमेकर बसवला आणि आम्ही सुटलो असं वाटलं. पण दोन महिन्यांपासून दम लागतोय, मध्येच धडधड होते. इकोत पंपिंग ४० टक्के आलंय. पुण्याच्या नवीन डॉक्टरांनी छातीचा सीटी केला, त्यात गाठी दिसल्या. ते म्हणतात हार्टला सूज असू शकते, सार्कॉइडोसिस की काय, त्यासाठी कार्डिअॅक पेट स्कॅन करायचा. पुढच्या गुरुवारी सकाळी ९ ची वेळ आहे. पेट स्कॅन तर कॅन्सरचा असतो ना, हे आमच्यापासून काही लपवतायत का? स्कॅनच्या आदल्या दिवशी पोळी, भात, साखर, दूध, फळ काही नाही म्हणून कागद दिलाय, त्यावर सगळं अंडी, चिकन, मासे लिहिलंय. सासूबाई म्हणतात उपवासच आहे ना, मग साबुदाण्याची खिचडी चालेल. मिस्टरांना २००९ मध्ये टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला होता. घरात ४ वर्षांची मुलगी आहे, रेडिएशनचं टेन्शन आहे. आणि पहिल्या डॉक्टरांचं काही चुकलं का?"

ताई, आधी खिचडीचं सांगते, कारण गुरुवार जवळ आलाय आणि बाकीचं सगळं या एका गोष्टीवर अडकलंय. खिचडी नाही. वरीचे तांदूळ नाहीत, रताळं नाही, केळं नाही, खजूर नाही, राजगिऱ्याची चिक्की नाही. आपला उपवास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी, ताटात असतो तो बहुतेक सगळा स्टार्च आणि साखर, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५-९० ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, आणि या स्कॅनला नेमकं तेच नको असतं. तूप कितीही चालेल पण पोळीचा अर्धा तुकडा चालणार नाही, असा हा उलटा उपवास आहे. सासूबाईंना हे असंच सांगा, त्यांना हसू येईल पण लक्षात राहील.

मी डॉक्टर नाही हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहितीये. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट म्हणून आयुष्य गेलं, म्हणजे सुई टोचल्यावर पेशंटला अंधाऱ्या खोलीत बसवून "हलू नका, मोबाईल नको" म्हणणारी आणि नंतर स्क्रीनवर पहिल्यांदा चित्र उमटताना बघणारी बाई मी. त्यामुळे तुमच्या मिस्टरांना नेमकं काय झालंय हे मी सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील. पण स्कॅन कशाने वाया जातो हे मला त्यांच्यापेक्षा बरं माहितीये.

आता हे खाण्याचं एवढं स्तोम का. या स्कॅनला जे औषध टोचतात ते एफडीजी, म्हणजे ग्लुकोजसारखीच दिसणारी साखर जिला फ्लोरिन-१८ नावाचा किरणोत्सर्गी अणू चिकटवलेला असतो. शरीरात जी पेशी साखर खाते ती या नकली साखरेलाही आत घेते, पण पुढे ती पचवता येत नाही म्हणून साखर तिथेच अडकून बसते, आणि मशीनला तेवढी जागा चमकताना दिसते. सुजलेल्या ठिकाणी ज्या पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या असतात त्या साखरेला हपापलेल्या असतात, म्हणून सूज चमकते. इथपर्यंत सोपं आहे. घोटाळा असा की हार्टचा स्नायूसुद्धा साखर खातो. तो दोन्ही जळणांवर चालणारा गडी आहे, चरबी मिळाली तर चरबी जाळतो, जेवणानंतर रक्तात साखर आणि इन्सुलिन वाढलं की लगेच साखरेवर येतो. म्हणजे सकाळी चहा-बिस्कीट खाऊन कुणी आला तर त्याचं पूर्ण निरोगी हार्टसुद्धा दिव्यासारखं पेटलेलं दिसणार, आणि त्या उजेडात सुजेचा ठिपका कुठला नि नॉर्मल स्नायू कुठला हे कुणालाच कळणार नाही. म्हणून आदल्या दिवशी भरपूर चरबी आणि जवळपास शून्य साखर द्यायची, मग रात्रभर उपाशी ठेवायचं, म्हणजे निरोगी स्नायू निमूट चरबीवर जातो आणि अंधारात राहतो, आणि सुजेच्या पेशींना चरबी-बिरबीशी देणंघेणं नसल्यामुळे त्या तेवढ्या चमकतात. (सासूबाईंना पेट म्हणजे हिंदीतलं पोट वाटलं असेल तर त्यांची चूक नाही, माझ्याकडे अर्धे लोक पोटाचा रिपोर्ट मागायचे. पण मराठीतलं पेटणं मात्र या स्कॅनला अगदी फिट बसतं.)

एक किस्सा सांगते, सेंटरचं नाव नको. सत्तरीचे एक काका, सकाळी पहिला नंबर, मी विचारलं काका काल काय खाल्लं, सगळं बरोबर सांगितलं, आज सकाळी? "पाणीसुद्धा नाही." एफडीजी टोचलं, तासभर बसवलं, मशीनवर घेतलं, आणि स्क्रीनवर त्यांचं हार्ट एखाद्या जाड कड्यासारखं सगळीकडून सारखं लखलखीत. मी पुन्हा गेले, काका खरं सांगा. तर म्हणाले सकाळी देवळात जाऊन आलो, दोन पेढे घेतले, "पण ताई, तो प्रसाद होता, ते खाणं थोडंच." आता यावर काय बोलणार. सगळा खर्च, सगळं रेडिएशन फुकट, पंधरा दिवसांनी परत. आणि खरं सांगू का, चूक माझीही होती, कारण मी "खाल्लं का" विचारलं होतं, "तोंडात काय काय गेलं" असं विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला.

तर तोंडात काय काय जातं ते तुम्हीही बघा. प्रसाद, पंचामृत, खोकल्याचं सिरप, घशाच्या गोड गोळ्या, च्यवनप्राश, जेवणानंतरची साखर लावलेली बडीशेप, सुपारी, च्युइंग गम, इलेक्ट्रॉलची पावडर. आणि एक अशी गोष्ट जी तोंडातून जात नाही म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे सलाईन. उपाशी राहून अशक्त वाटलं म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन एक बाटली लावून यायची आपल्याकडे सवय आहे, आणि त्या बाटलीत बऱ्याचदा डेक्सट्रोज असतं, म्हणजे थेट शिरेतून साखर. असलं काही करू नका. खरंच गरगरलं तर आपल्या डॉक्टरांना फोन करा, स्कॅन पुढे गेला तरी चालेल.

माळकऱ्याचं काय करायचं हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि कागद देणाऱ्यांनी तो विचार करायला हवा होता, महाराष्ट्रात बसून नुसती चिकन-अंड्याची यादी हातात द्यायची म्हणजे कमाल आहे. आजच सेंटरला फोन करा आणि सांगा पेशंट शुद्ध शाकाहारी आहे, व्हेज डाएट चार्ट द्या. तज्ज्ञांच्या गाइडलाइनमध्ये साधारण हिशोब असा आहे की आदल्या दिवशी निदान दोन जेवणं अशी, ज्यात ३५ ग्रॅमपेक्षा जास्त चरबी आणि ३ ग्रॅमपेक्षा कमी कार्बोहायड्रेट, आणि त्यानंतर कमीत कमी ४ तास उपाशी, पण सकाळचा स्कॅन असला की बहुतेक सेंटर रात्रभर उपाशी ठेवतात. आणि ज्याला असं जेवण जमतच नाही त्याच्यासाठी १८ तासांपेक्षा जास्त नुसतं उपाशी राहायचा पर्यायही आहे. कुठला घ्यायचा ते सेंटरला ठरवू द्या, आपल्या मनाने दोन्हीची भेसळ नको.

शाकाहारी जेवणात बहुतेक ठिकाणी पनीर आणि तूप याच्यावरच गाडी चालते. १०० ग्रॅम पनीरमध्ये २०-२५ ग्रॅम चरबी असते, त्यावर एक मोठा चमचा तूप म्हणजे अजून १४-एक ग्रॅम, झाला हिशोब. पण पनीर घरी करा बरं का. विकतच्या स्वस्त पनीरमध्ये स्टार्चची भेसळ असते हे तुम्हीही ऐकलं असेल, आणि इतर वेळी ती फसवणूक असते, या वेळी ती स्कॅन घालवेल. म्हशीचं साय न काढलेलं दूध घ्यायचं, उकळी आली की लिंबू पिळायचं, फाटलं की फडक्यात घालून वरून पाणी ओतून धुवायचं आणि घट्ट पिळून वजनाखाली ठेवायचं, कारण दुधातली साखर जी असते ती त्या हिरवट पाण्याबरोबर निघून जाते, म्हणून ते पाणी जितकं जाईल तितकं चांगलं. ते पाणी कणकेत वापरायचं असेल तर तुमच्या कणकेत वापरा, मिस्टरांना देऊ नका. मग तुकडे तुपात परतायचे, मीठ, मिरची, चिमूटभर हळद. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही नको, काजूची पेस्ट तर अजिबात नको, डाळीचं पीठ लावून भजी नकोत. दोन्ही वेळा हेच खायचं म्हणजे दुसऱ्या वेळेला मिस्टर ताट सरकवणार हे मी लिहून देते, घशाखाली उतरत नाही ते, नुसत्या तुपाने मळमळतं. गरम पाणी प्यायला द्या, पाणी हवं तेवढं चालतं. बिनसाखरेचा बिनदुधाचा चहा चालतो का हे सेंटरला विचारा, प्रत्येकाचे नियम वेगळे.

आणि एक वही करा. आदल्या सकाळपासून किती वाजता काय, किती, सगळं लिहायचं, औषधाच्या गोळ्यांसकट. चुकून काही गेलं तर तेही लिहायचं. आमच्याकडे एक रिटायर्ड मुख्याध्यापक आले होते, त्यांच्या वहीत "रात्री ९.४०, एक लवंग, दात दुखत होता म्हणून" अशी नोंद होती. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. नियम मोडला गेला असेल आणि सुई टोचायच्या आधी सांगितलं तर फक्त तारीख बदलते. नंतर कळलं तर सगळंच गेलं. त्यापेक्षा वाईट म्हणजे कळलंच नाही आणि नॉर्मल हार्टचा उजेड बघून कुणी त्याला सूज म्हणालं, आणि त्यावर सूज उतरवायचं स्टिरॉइड महिनोन्महिने चालू झालं, तर त्याची भरपाई कोण करणार.

आदल्या दिवशी मळ्यात घाम गाळायचा नाही, जिना-बिना पळत चढायचा नाही, स्नायू पण साखर ओढतात. नेहमीच्या हार्टच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, कुठल्या घ्यायच्या ते लिहून घ्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आवर्जून सांगा, कारण काही सेंटर स्कॅनच्या आधी थोडं हेपॅरिन देतात, तेही रक्त पातळच करतं, पण इथे ते रक्तातली चरबी वाढवायला म्हणून देतात. ज्यांना डायबिटीस आहे त्यांचं गणित पूर्ण वेगळं, इन्सुलिन घेतलं की ते साखर हार्टमध्ये ढकलतं, तुमच्याकडे तो प्रश्न नाही हे नशीब.

आता कॅन्सरचं. कुणी काही लपवत नाहीये. पेट स्कॅनच्या वेटिंग रूममध्ये बसलेले बहुतेक लोक कॅन्सरचे असतात हे खरंय, तुमच्या शेजारी डोक्याला स्कार्फ बांधलेली कुणीतरी बसलेली असेल आणि तुमच्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतेय. पण हे मशीन रोगाचं नाव वाचत नाही, साखर कुठे जास्त जळतेय तेवढंच बघतं. कॅन्सरच्या पेशी साखर खातात, सुजेच्याही खातात. भारतात पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये मुंबईत परळला आला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, आणि ते सेंटर टाटा हॉस्पिटलच्याच इमारतीत. त्यामुळे पेट म्हटलं की टाटा आणि टाटा म्हटलं की कॅन्सर हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

हार्ट ब्लॉकबद्दलही एक गोंधळ दूर करते, कारण तुमच्या पत्रात "अँजिओग्राफी क्लीन आली तरी ब्लॉक कसा" असं एक वाक्य होतं. ब्लॉकेज आणि हार्ट ब्लॉक या दोन अगदी वेगळ्या भानगडी आहेत. ब्लॉकेज म्हणजे नळ तुंबला, हार्ट ब्लॉक म्हणजे वायरिंग गेलं. हार्टच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात करंट नेणारी जी वाट असते तिथे काहीतरी झालं की ठोके तुटतात, माणूस चक्कर येऊन पडतो. म्हाताऱ्या माणसात ती वाट वयाने झिजते. पण ४४ व्या वर्षी, अँजिओग्राफी क्लीन असताना, वायरिंग का गेलं हा प्रश्न उरतोच. सार्कॉइडोसिसमध्ये शरीराच्या पेशींच्या बारीक बारीक गाठी होतात, ग्रॅन्युलोमा म्हणतात त्यांना, जास्त करून फुफ्फुसात आणि छातीतल्या लिम्फ नोडमध्ये, पण कधी हार्टच्या स्नायूत, आणि त्या नेमक्या वायरिंगच्या जागी बसल्या तर ब्लॉक, दुसरीकडे बसल्या तर धोकादायक धडधड, पसरल्या तर पंपिंग कमी. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत, वर सीटीत गाठीही. नव्या डॉक्टरांना शंका आली यात मला काही नवल वाटत नाही.

मग पहिल्या डॉक्टरांचं चुकलं का? पेसमेकर बसवला ते बरोबरच होतं, तो बसवला नसता तर कदाचित आज तुम्ही मला पत्र लिहीत नसता. राहिलं ते "का" विचारायचं. हार्टच्या ठोक्यांच्या तज्ज्ञांची जी हार्ट ऱ्हिदम सोसायटी आहे, तिच्या २०१४ च्या सल्ल्यात हे आहे की साठीच्या आतल्या माणसाला कारण न सापडलेला मोठा ब्लॉक झाला तर सार्कॉइडोसिस शोधा, एमआरआय किंवा पेट करा. आणि शोधण्यात फायदा हा की असं निघालं तर साध्या पेसमेकरऐवजी शॉक देणारं आयसीडी नावाचं यंत्र बसवायचा विचार करतात. आता भांडून ते ८ महिने परत येणार नाहीत, पण त्या हॉस्पिटलकडून एक गोष्ट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, पेसमेकरचं कार्ड आणि पूर्ण फाईल, पहिल्या ईसीजीसकट, आणि अँजिओग्राफीची सीडी. ती सीडी का लागते ते पुढे सांगते.

एमआरआय का नाही, असंही तुम्हाला कुणीतरी विचारेलच, आपल्याकडे प्रत्येक घरात एक भाऊजी असतात. एमआरआय उत्तम तपासणी आहे, हार्टमध्ये डाग पडलाय का ते त्यात फार छान दिसतं. पण पेसमेकर बसवल्यावर आधी तो एमआरआयला चालणारा आहे का बघावं लागतं, चालणारा असला तरी त्या डब्याची सावली चित्रावर पडते. शिवाय एमआरआयवर दिसणारा डाग जुना की नवा, विझलेला की धुमसतोय, हे दर वेळी सांगता येत नाही. धुमसतंय का हे सांगणं हे पेटचं काम. आणि हार्टचाच तुकडा काढून बघावा तर ग्रॅन्युलोमा ठिपक्याठिपक्याने असतात, सुई नेमकी मधल्या चांगल्या जागी गेली की रिपोर्ट नॉर्मल, चार-पाच पेशंटांत एखाद्यालाच सापडतं असं म्हणतात.

त्या दिवशी होतं काय, तर आधी बोटाला टोचून शुगर बघतील, मग एफडीजी, मग साधारण तास-दीड तास शांत पडून राहायचं, लघवीला जाऊन यायचं, मग मशीनमध्ये अर्धा तास. मशीन एमआरआयसारखं ठोकाठोक करत नाही. याशिवाय हार्टच्या रक्तपुरवठ्याचं वेगळं चित्र काढतात, काही ठिकाणी किरणोत्सर्गी अमोनिया टोचून पेटवरच, बऱ्याच ठिकाणी टेक्नेशियम नावाच्या दुसऱ्या किरणोत्सर्गी औषधाचं मिबी स्कॅन करून. त्यासाठी दुसऱ्या दिवशी बोलावतील किंवा त्याच दिवशी करतील, विचारून ठेवा, नाहीतर पुण्यात मुक्कामाची सोय नसते आणि धावपळ होते. हे दुसरं चित्र नको म्हणू नका, पैसे वाचवायला म्हणून तर नकोच. कारण दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की खरी गंमत कळते. एका जागी रक्त कमी पोचतंय आणि साखर मात्र भरपूर जळतेय, तर तिथे सूज चालू असण्याची शक्यता जास्त. रक्तही कमी आणि साखरही नाही, तर तिथे जखम भरून वण पडलाय, तो स्टिरॉइडने परत जिवंत होत नाही. दोन्ही ठीक, तर निदान त्या घडीला सूज दिसत नाहीये. आणि सीडी यासाठी, की ज्याच्या रक्तवाहिन्या तुंबल्यात अशा माणसातही रक्त कमी-साखर जास्त हेच चित्र येतं, उपाशी पण जिवंत असलेल्या स्नायूमुळे. तुमच्या मिस्टरांची अँजिओग्राफी क्लीन आहे हे रिपोर्ट लिहिणाऱ्याला माहिती असेल तर तो ठामपणे लिहू शकतो.

रिपोर्ट हातात आला की मोठे मोठे आकडे बघून गुगल करत बसू नका. एक ओळ शोधा, हार्टमधली नॉर्मल साखर नीट दबली होती का, "सप्रेशन अॅडिक्वेट" असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती नसेल तर डॉक्टरांना विचारा. सगळं हार्ट सारखं चमकतंय असं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा तयारी फसलेली असते. डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत एकटीच थोडी चमकते असं तर निरोगी लोकांतही होतं, नुसत्या तेवढ्यावरून कुणी स्टिरॉइड लिहून दिलं तर दुसरं मत घ्या.

आता टीबी. हे मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण मला या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीये. नव्या डॉक्टरांना २००९ चा टीबी सांगितलाय का? नसेल तर आज सांगा, जुने कागद असतील तर काढा माळ्यावरून. परदेशात छातीत गाठी आणि हार्टमध्ये चमक म्हटलं की सार्कॉइड आधी आठवतो, आपल्याकडे टीबी हा पहिला संशयित, आणि टीबीसुद्धा अशाच गाठी करतो, असाच चमकतो. पेट दोघांत फरक करू शकत नाही. कोर्स पूर्ण केला म्हणजे परत होणारच नाही असंही नाही. आणि सार्कॉइडचं औषध स्टिरॉइड, ते टीबी असताना नुसतं दिलं तर आगीत तेल. म्हणून स्कॅनचा दुसरा मोठा उपयोग असा की हार्टबरोबर छातीही बघतात, कुठली गाठ सगळ्यात जास्त चमकतेय ते कळतं, आणि मग दुर्बिणीतून सुई घालून त्याच गाठीचा तुकडा काढतात, तो पॅथॉलॉजीला जातो, टीबीचे जंतू शोधणाऱ्या जीन एक्स्पर्ट तपासणीला जातो, जंतू वाढवून बघायला कल्चरला जातो. हार्टला हात न लावता उत्तर मिळायची शक्यता असते. हा तुकडा काढायला सांगितला तर घाबरून टाळू नका. उलट तुकडा न काढताच गोळ्या चालू करतो म्हणाले तर कारण विचारा. आणि स्कॅनच्या आधी कुणी "दम कमी होईल" म्हणून स्टिरॉइड सुरू करायला सांगितलं तर पुण्याच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय नको, सूज दबली की स्कॅनमध्ये दिसत नाही. आधीपासून चालू असेल तर मात्र स्वतःहून एकदम बंदही करायचं नाही.

मुलीचं टेन्शन समजतं. फ्लोरिन-१८ ची ताकद दर ११० मिनिटांनी अर्धी होते. सकाळी १० ला टोचलं तर दुपारी ४ पर्यंत साधारण दहावा हिस्सा उरतो, लघवीतून जातं ते वेगळं. तुम्ही वाईला पोचेपर्यंत संध्याकाळ होईल, त्या रात्री लेकीला आजीजवळ झोपवा, सकाळी बाबांच्या मांडीवर बसू दे. मिबीही त्याच दिवशी झालं असेल तर टेक्नेशियमला अर्धं व्हायला ६ तास लागतात, म्हणून अजून एक दिवस जरा सांभाळा. मिस्टरांना स्वतःला एफडीजीमधून साधारण ७ मिलिसिव्हर्टच्या आसपास रेडिएशन मिळेल, वर सीटीचं थोडं. तुलनेला सांगते, माणसाला नुसतं जमिनीतून-हवेतून वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिळतं. म्हणजे अगदी नगण्य नाही, पण हार्ट धुमसतंय का हे न कळण्यापेक्षा नक्कीच परवडणारं. औषध चालू झालं तर ३ ते ६ महिन्यांनी बहुधा परत स्कॅन सांगतील, सूज उतरली का बघायला, तेव्हा पुन्हा पनीर-तूप, मनाची तयारी ठेवा. तुम्ही स्वतः गरोदर असाल किंवा शंका असेल तर मात्र सेंटरला आधीच कळवा, सोबत दीरांना पाठवा.

मिस्टरांनी गाडी चालवायची नाही, ना पुण्याची ना गावातली बाईक. धडधड होऊन डोळ्यापुढे अंधारी आली किंवा परत पडले तर गुरुवारची वाट बघायची नाही, स्कॅन गेला खड्ड्यात, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला ईसीजी काढायचा आणि पेसमेकरचं कार्ड दाखवायचं.

बुधवारी रात्रीचं पनीर ८ च्या आत उरका. गुरुवारी पहाटे निघताना तुळशीला पाणी घाला, तीर्थ नको. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की ड्रायव्हर चहाला थांबवणारच, मिस्टरांना गाडीतच बसू द्या आणि तुम्हीही त्यांच्यासमोर क्रीमरोल खाऊ नका, फार जड जातं माणसाला. डबा मात्र बरोबर न्या, दोन दशम्या, चटणी, गुळाचा खडा. स्कॅन झाल्या झाल्या उघडायचा नाही, कधी कधी एखादं चित्र परत काढावं लागतं. आतल्या टेक्निशियनने बाहेर येऊन "झालं, आता खा" म्हटलं की मग उघडा.